घाटावरचा बटाटा, किनाऱ्याचा रस

देवबागेत बटाटा पिकत नाही. लसूणही पिकत नाही. आणि वाटीभर साय जमावी इतके दूध देणारी गुरे या गावाच्या वाट्याला कधी आली नाहीत. मालवणच्या दक्षिणेला बाराएक किलोमीटरवर, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, यांच्यामध्ये पसरलेली ही वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे दिसते. इथल्या मातीने दिले ते माड, आणि पाण्याने दिली ती मासळी. तरीही उकडून कुस्करलेला, लसणीचा खमंग वास असलेला, चमच्याला धरून राहील असा दाट बटाटा या किनाऱ्यावरच्या चुलीला अनोळखी नाही. त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या काळी आली.

सगळ्यात लांबची वाट बटाट्याची. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, माणसाने हा कंद हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणला. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. गोवा पोर्तुगीजांकडे १५१० पासून होता आणि मराठीतले नाव पोर्तुगीज वळणाचे आहे, म्हणून बटाटा थेट गोव्याच्या गलबतातून मालवणात उतरला असे सहज मानले जाते. ते इतके सरळ नाही. त्या काळी ‘बटाटा’ म्हणजे आधी रताळे. मुघल दरबारी आलेल्या टॉमस रो या इंग्रज वकिलाला आसफ खानाने मेजवानी दिली, तिचे वर्णन एडवर्ड टेरी या पाद्र्याने केले आहे आणि त्यात या नावाचा कंद येतो. १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर हिंडलेल्या जॉन फ्रायर या डॉक्टरानेही या कंदाचा उल्लेख केला आहे. पण दोघांनी पाहिलेला कंद आजचा बटाटा होता की रताळे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि पारडे रताळ्याकडेच झुकते. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या कामावर राबणाऱ्या पाथरवटांच्या आणि लोहारांच्या ताटात बटाटा असेल असे मानायला कसलाच आधार नाही.

भारतात बटाटा खऱ्या अर्थाने रुजला तो इंग्रजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि तोही थंड हवेच्या ठिकाणी. महाराष्ट्रातले यातले चटकदार प्रकरण महाबळेश्वरचे. १८३० च्या दशकात तिथे मलाक्का-सिंगापूरकडून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. १८६४ मध्ये तो बंद झाला, पण तोवर त्या कैद्यांनी डोंगरउतारावर भाजीपाल्याचे मळे उभे केले होते आणि बटाटा हे त्यातले मुख्य पीक होते. हवा खायला आलेल्या साहेबांच्या टेबलावरचा बटाटा चिनी कैद्याच्या हातचा असे. पुढे खेड, जुन्नर, आंबेगाव या पुण्याच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात तो शेतकऱ्याचे रोकड पीक झाला. इकडे दक्षिणेला बेळगावच्या तांबड्या जमिनीतही त्याने जम बसवला. देवबागेच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण वेंगुर्ले-सावंतवाडीचा भाजीपाला पूर्वापार आंबोलीचा घाट उतरून बेळगावकडून येतो.

किनाऱ्यावर तो का पिकत नाही याचे उत्तर हवेत आहे. बटाट्याच्या झाडाला जमिनीखाली कंद धरायला रात्रीचा गारवा लागतो. रात्री उकाडा असेल तर झाड पाला वाढवते, कंद पोसत नाही. देवबागेची वाळू भुसभुशीत आहे, कंदाला आवडेल अशीच. पण समुद्राकाठी रात्र दिवसाइतकीच दमट, आणि जमिनीत खार. पोर्तुगीजांनी आणलेला काजू कोकणाच्या जांभ्या दगडावर रानटी झाडासारखा पसरला. बटाट्याला मात्र दरवेळी घाट उतरूनच यावे लागले.

मग त्याआधी इथे काय कुस्करले जात होते?

या प्रश्नाचे उत्तर बटाट्यापेक्षा चविष्ट आहे. कोकणातल्या परसात आणि कुंपणाकडेला कंदांचे एक अख्खे गोत नांदत होते. कणगर, म्हणजे काही गावांतली कणगी. बारीक काट्यांच्या वेलाखाली धरणारी, केसाळ सालीची, आतून पांढरीशुभ्र आणि किंचित गोड. करांदा, जो जमिनीत नव्हे तर वेलावर लोंबतो आणि ज्याची कडू चव घालवायला तो मीठ घालून नीट उकडावा लागतो. हात हातभर लांब वाढणारा घोरकंद. घशाला खाजणारा म्हणून आमसुलाच्या आंबटाने वठणीवर आणावा लागणारा सुरण. अळकुड्या, आणि अमेरिकेहूनच आलेली पण बटाट्याच्या आधी रुळलेली रताळी. पावसाळा सरला, भाताची झोडणी आटोपली की मार्गशीर्षाच्या सुमारास हे कंद खणून निघत. चुलीच्या निखाऱ्यात खुपसून किंवा मडक्यात मिठाच्या पाण्यात उकडून ते सोलायचे, वर ओले खोबरे खवायचे, की झाली न्याहारी. गरिबाला तेवढ्यावर दुपारही काढता येई.

याच पंगतीत नीरफणस बसतो. दिसायला फणसाचा धाकटा भाऊ, पण आत गरे नाहीत, बिया नाहीत. सगळा पिठूळ गर. मूळचा हा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. त्याची रोपे ताहितीहून वेस्ट इंडिजला न्यायला निघालेल्या ‘बाउंटी’ जहाजावर १७८९ मध्ये प्रसिद्ध बंड झाले होते. ज्या फळापायी इंग्रज आरमारात एवढा गहजब झाला, त्याचे मालवणी माणसाने मसाला लावून, तांदळाच्या पिठात घोळवून काप केले आणि सोलकढीबरोबर गुपचूप खाल्ले. नीरफणसाचा गर उकडून कुस्करला तर डोळे मिटून खाणाऱ्याला तो बटाटाच वाटेल.

एवढी श्रीमंती असताना बटाट्याने बाजी मारली ती चवीवर नव्हे. चवीत कणगर त्याच्या दोन पावले पुढे आहे. बटाटा जिंकला तो टिकाऊपणामुळे, दळणवळणामुळे आणि धर्मशास्त्राने त्याच्याकडे केलेल्या सोयीस्कर दुर्लक्षामुळे.

टिकाऊपणाचे महत्त्व किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मे महिना उतरणीला लागला की कोकणात आगोटीची धांदल सुरू होते. मिरच्या, मसाला, सुकी मासळी, आमसुले, कुळीथ, कांदे, लसणीच्या जुड्या, सगळी चार महिन्यांची बेगमी आकाश काळवंडण्याआधी घरात यायला हवी. पूर्वी तर पर्यायच नव्हता. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी मालवणच्या बंदरात धक्क्याला लागत नसत. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, पोती पडावात उतरवून किनाऱ्याला आणली जात. पावसाळ्यात समुद्र खवळला की हा उद्योगच बंद. देवबागेची गत त्याहून बिकट. वाळूची ही पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की पावसाळी उधाणात समुद्र कधी माडांच्या मुळाशी येतो, तर कधी परसात. होड्या वर ओढलेल्या, रापणीचे जाळे गुंडाळून ठेवलेले. ताज्या मासळीचे नाव नाही. अशा दिवसांत, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळूवर किंवा गवतावर पसरून ठेवलेला बटाटा महिना-दीड महिना तग धरतो. कणगरही टिकते, पण तिचा हंगाम हिवाळ्यात; आषाढात ती जमिनीखाली नुकती कुठे जीव धरत असते. बटाट्याला गावचे वेळापत्रक लागू नव्हते. घाटावर तो पिकत राहिला आणि गाडीरस्ते झाल्यावर बैलगाडीतून, पुढे ट्रकमधून खाली येत राहिला.

आता धर्मशास्त्र. श्रावणात मासळी बंद, एकादशीला आणि सोमवारी धान्य बंद. ज्या ग्रंथांनी उपासाला काय चालते हे ठरवले त्यांच्या काळी बटाटा, साबुदाणा, शेंगदाणा, मिरची यांपैकी काहीच भारतात नव्हते. सबब त्यांवर बंदीही नव्हती. परदेशातून आलेले हे चौघे मराठी उपासाच्या ताटात मानकरी होऊन बसले आणि गव्हासारखे जुने जाणते धान्य दाराबाहेर राहिले! रताळे आणि कणगर उपासाला चालतच होते. बटाटा त्यांच्या रांगेत जाऊन बसला आणि हळूहळू रांगेत पुढे सरकला. लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाला, जत्रेच्या हॉटेलात काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याशेजारी बटाट्याची पिवळी भाजी ही आज मालवणी मुलखात इतकी ठरून गेली आहे की ती नसली तर पंगत अपुरी वाटेल.

लसणीचे मात्र याच्या उलट. बटाटा नवखा असून त्याला देवघरापर्यंत मुभा, आणि हजारो वर्षांची रहिवासी लसूण चातुर्मासात हद्दपार. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, पोटभर कांदा-लसूण खाऊन घ्यायची आणि पुढचे चार महिने सोवळे पाळायचे, ही घाटावरच्या ब्राह्मणी घरांची रीत. हा पेच जुना आहे. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती एक भूर्जपत्रांचे हस्तलिखित लागले. दीड हजार वर्षांच्या आसपासच्या या वैद्यकीय पोथीत लसणीची स्तुती करणारे अख्खे प्रकरण आहे. ब्राह्मणाला लसूण वर्ज्य, पण गुण तर हवेत, यावर पोथीकाराने नामी तोड सुचवली आहे. गाईला तीन दिवस जवळपास चाऱ्याविना ठेवावे, मग गवतात लसणीची पात मिसळून खाऊ घालावी आणि तिचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने घ्यावे. लसूण आणि साय यांचा मेळ घालण्याची इतकी लांबची खटपट दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघराने केली नसेल.

देवबागेत ही अडचण फारशी नव्हती. गावात मासेमारीवर जगणाऱ्यांची वस्ती मोठी, ख्रिस्ती कुटुंबेही बरीच, आणि गावात चर्च आहे. मासळीच्या वाटणात, तिखल्यात, सोलकढीत लसूण रोजचीच. मालवणी सोलकढी करताना आमसुलाच्या आगळात नारळाचा रस मिसळायचा आणि त्यात लसूण, हिरवी मिरची, मीठ वाटून घालायचे. नारळाच्या दाट रसात लसूण कशी विरघळून जाते हे या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

इथे गोष्टीचा खरा गाभा लागतो, तो म्हणजे साय.

कुस्करलेल्या बटाट्याची इंग्रजी कृती पाहिली तर तिच्यात बटाट्याइतकेच महत्त्व दुधा-लोण्याला आहे. हॅना ग्लास या बाईंचे १७४७ मधले पाकपुस्तक इंग्लंडमध्ये घरोघरी वापरले गेले. त्यातले प्रमाण असे: दोन पौंड बटाट्याला एक पिंट दूध आणि पाव पौंड लोणी. मराठी मापात सांगायचे तर नऊशे ग्रॅम बटाट्यात सव्वाशे ग्रॅमहून थोडे कमी लोणी आणि अर्ध्या लिटरच्या आसपास दूध. पुढे फ्रान्समध्ये जोएल रोबुशाँ या नामवंत आचाऱ्याने एक किलोला पाव किलो लोणी घालून याच पदार्थावर नाव कमावले. ही सगळी गवताळ, गारव्याच्या मुलखातली, गलेलठ्ठ गाईंची कृती. कोकणची गाय लहान चणीची, भाताच्या पेंढ्यावर जगणारी, पावसाळ्यातल्या चिखलात नांगर ओढणाऱ्या बैलाची आई म्हणून तिची किंमत. ती दूध देई ते वासरापुरते आणि चहाच्या कपापुरते. लोणी साठवून कढवावे, सायीचे दही विरजावे हा थाट घाटावरचा.

म्हणून या किनाऱ्याने साय झाडावरून उतरवली. नारळ फोडायचा, आडाळ्यावर बसून खवायचा, कोमट पाणी शिंपडून रगड्यावर किंवा आता मिक्सरमध्ये वाटायचा आणि फडक्यातून पिळायचा. पहिला रस दाट आणि स्निग्ध. दुसरा, तिसरा पातळ. शिरवाळे करताना गुळाबरोबर पहिला रस, कढीला दुसरा, आमटी शिजवायला तिसरा, अशी उतरंड असते. गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नवरा-नवरीला हळदीसारखा नारळाचा रस लावतात, त्या विधीचे नावच ‘रोस’. ज्या मुलखात नवरीचे न्हाणे रसाने होते तिथे बटाट्यात लोणी शोधत बसायला कोण जाईल?

कृती अवघड नाही, पण तिला दोन-तीन खोड्या आहेत. बटाटा जुना घ्यावा. नव्या, पातळ सालीच्या बटाट्यात पाणी जास्त आणि पीठ कमी. तो कुस्करला जात नाही, नुसता लिबलिबतो. शीतगृहात फार दिवस गारठलेल्या बटाट्याचे पीठ साखरेत बदलते, त्यामुळे तो गोडसर लागतो. दुकानदाराला विचारून घेतलेले बरे. सालासकट मिठाच्या पाण्यात उकडावा, गरम असतानाच सोलावा आणि हाताने किंवा करवंटीच्या डवलीच्या पाठीने कुस्करावा. मिक्सरला लावू नये. पात्याने पिष्टाचे कण फुटतात आणि घोटाघोटीने त्याची खळ तयार होते, जिने पतंगाचे कागद चिकटवता येतील पण जेवता येणार नाही. लसणीचा अख्खा गड्डा निखाऱ्यात किंवा बारीक आचेवर भाजला की पाकळ्यांचा उग्रपणा जातो आणि आतला गर लोण्यासारखा दाबून काढता येतो. तो बटाट्यात मिसळावा. शेवटी पहिला रस, कोमट करून, थोडा थोडा. उकळी आणू नये, रस फुटतो. पाणी वेगळे आणि तेल वेगळे होते. वर शिरोड्याकडच्या आगरातले खडे मीठ आणि माडा-पोफळीवर चढलेल्या वेलाची मिरी कुटून. (हे तेच शिरोडे, जिथे १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला.) एवढ्या सामग्रीत घाटावरचे दोनच: बटाटा आणि लसूण.

मासळीच्या शेजारी लसणीचा बटाटा ही जोडी काही एकट्या कोकणाला सुचलेली नाही. ग्रीसमध्ये स्कोर्दालिया नावाचा पदार्थ आहे. उकडलेला बटाटा किंवा भिजवलेला पाव, भरपूर कच्ची लसूण आणि ऑलिव्हचे तेल एकत्र घोटायचे आणि दरवर्षी २५ मार्चच्या सणाला तळलेल्या खाऱ्या माशाबरोबर खायचे. त्यांनीही दुधाला बाजूला सारले आणि आपल्या झाडाच्या फळातली स्निग्धता घेतली.

बटाटा आणि लसूण यांची महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली सोयरीक मात्र मुंबईत जुळली. गिरणगावातल्या कामगारांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे फार मोठ्या संख्येने होती आणि मालवण तालुका १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा होईपर्यंत त्याच जिल्ह्यात होता. खोलीत आठ-दहा जण, जेवण खानावळवालीकडे. अशा बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पण कामगाराला पाळीला जाताना हातात धरून खाता येईल असेही काहीतरी हवे होते. १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगतात. वड्याचे बेसनाचे कवच काढले तर आत काय उरते? लसूण-मिरची-आले ठेचून घातलेला कुस्करलेला बटाटा! जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि अनेक चाकरमानी गावी परतले. मुंबईत लागलेल्या चवी त्यांच्याबरोबर एस.टी.तून उतरल्या. आज कोकणात असे एस.टी. स्टँड विरळा, जिथे कढईत वडे तळले जात नाहीत.

सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केले गेले आणि तारकर्ली-देवबागेचा कायापालट सुरू झाला. रापणीच्या वाट्यावर चालणाऱ्या घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, होड्या संगमावर फेऱ्या मारू लागल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये खाडीपलीकडे चिपीचा विमानतळ सुरू झाला. पाहुणा येतो तो सुरमई आणि कोंबडी-वड्यांसाठी. पण त्याच्याबरोबर तिखट न सोसणारे पोर असते, दात नसलेली आजी असते. त्यांच्यासाठी मिरची टाळून नारळाच्या रसातला बटाटा, ही देवबागेच्या स्वयंपाकघराला सहज जमणारी सोय आहे. फक्त ती ‘मॅश’ या नावाने कागदावर आली तर पाहुण्याला ओळखीची वाटते, आणि आपल्याच रसाला बिचकत ‘क्रीम’ म्हणण्याची पाळी येते. हे जरा अतीच.

कंद मात्र मागे पडले ते पडलेच. परसातल्या कुंपणावर करांद्याचा वेल चढवायला परस तर हवे. तिथे आता खोल्या आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने घोरकंदाची ‘कोकण घोरकंद’, कणगरीची ‘कोकण कांचन’ आणि रताळ्याची ‘कोकण अश्विनी’ अशा जाती लागवडीसाठी दिल्या आहेत, त्यामुळे बियाण्याची अडचण नाही. हिवाळ्यात मालवण-कुडाळकडच्या आठवडी बाजारात बायका माती लागलेली कणगर ढिगाने घेऊन बसलेल्या दिसतात. लसूण आणि रसाची तीच कृती तिलाही चालते. कणगर बटाट्याहून चिकट असल्यामुळे रस थोडा जास्त लागतो, आणि तिला स्वतःचा गोडवा असल्यामुळे लसूण निम्मीच पुरते.